आर्थिक वाढ आणि नवीकरणीय ऊर्जा

देशातील वस्तू व सेवा यांच्या एकूण उत्पादनात होणारी वाढ आणि निसर्गक्रमाने पुन्हा पुन्हा भरून निघणाऱ्या उगमांपासून मिळणाऱ्या ऊर्जेचा वापर, यांमधील परस्परसंबंध. सूर्यप्रकाश, वारा, वाहते पाणी, भूगर्भातील उष्णता, सागराची भरती-ओहोटी आणि लाकूड, गोवऱ्या, उसाचे चिपाड यांसारखे जैव पदार्थ यांचा नवीकरणीय उगमांत समावेश होतो. दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू ही इंधने कोट्यवधी वर्षांच्या भूवैज्ञानिक प्रक्रियांतून साठलेली असून एकदा जाळल्यावर ती मानवी कालमानात परत मिळत नाहीत. अणुऊर्जेत कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन अत्यल्प असले, तरी तिचे इंधन खनिजच असल्यामुळे ती या वर्गात मोडत नाही.

नवीकरणीय ऊर्जा ही आधुनिक काळाची नवलाई आहे, असा समज रूढ आहे. वस्तुतः अठराव्या शतकापर्यंत मनुष्याची जवळजवळ सर्व ऊर्जा नवीकरणीयच होती. सरपण, बैल व घोडे यांचे बळ, शिडाची जहाजे, पाणचक्की व पवनचक्की यांवरच शेती, व्यापार आणि कारागिरी चाले. औद्योगिक क्रांतीची पहिली पावलेही पाण्याच्या जोरावरच पडली. रिचर्ड आर्कराइट याने १७७१ मध्ये इंग्लंडमधील क्रॉमफर्ड येथे उभारलेली सूतगिरणी पाणचक्कीवर चालत असे. पाणी बहुधा वाफेपेक्षा स्वस्त पडे. परंतु गिरणीला नदीकाठी जावे लागे व उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की यंत्रे थांबत. वाफेचे एंजिन मजुरांच्या वस्तीत, हवे तेथे आणि हवे तेव्हा चालविता येई. कोळशाचा विजय झाला तो केवळ किंमतीवर नव्हे, तर या सोयीवर. सूर्य व वारा यांच्या बाबतीत आज उभा असलेला प्रश्न बराचसा हाच आहे.

मापनातील अडचणी : आर्थिक वाढ व नवीकरणीय ऊर्जा यांचा संबंध आकड्यांत मांडू लागले की पहिलाच धक्का बसतो. काँगो लोकसत्ताक प्रजासत्ताक, इथिओपिया यांसारख्या अतिशय गरीब देशांच्या अंतिम ऊर्जावापरात नवीकरणीय ऊर्जेचा वाटा सु. नऊ-दशांश असल्याचे आंतरराष्ट्रीय आकडेवारी दाखविते. याचा अर्थ तेथे सौर पट्टिकांचे जाळे पसरले आहे, असा नाही. तेथील कुटुंबे लाकूड, कोळशा व गोवर जाळून स्वयंपाक करतात. उलट नॉर्वे व आइसलँड या अतिशय संपन्न देशांतही हा वाटा मोठा आहे. तो जलविद्युत् व भूगर्भीय उष्णता यांमुळे. सारणीत हे देश शेजारी शेजारी येतात. जीवनमानात मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

म्हणून पारंपरिक जैव इंधन आणि आधुनिक नवीकरणीय ऊर्जा ही दोन स्वतंत्र खाती धरली पाहिजेत. उत्पन्न वाढले की कुटुंबे पहिल्या प्रकारापासून दूर जातात. भारतात १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी पोहोचविली. गॅस हे खनिज तेल व नैसर्गिक वायू यांपासून मिळणारे इंधन असल्यामुळे, चूल सुटून शेगडी आली की देशाच्या ऊर्जावापरातील नवीकरणीय वाटा कागदोपत्री घटतो. घरातील धुरामुळे होणाऱ्या हवाप्रदूषणाने २०२० मध्ये जगात सु. ३२ लाख अकाली मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत स्त्रिया व लहान मुले यांचा भरणा मोठा आहे. अशा स्थितीत वाट्यातील ही घट प्रगतीचीच खूण होय. केवळ वाट्याची टक्केवारी पाहून देशाची पाठ थोपटणे किंवा त्याला दोष देणे यात अर्थ नाही, हे यावरून कळून येईल. सरपण गोळा करण्यात स्त्रियांचे जे तास जातात, त्यांचे मूल्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात फारसे नीट उतरत नाही, ही आणखी एक त्रुटी.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. औष्णिक विद्युत् केंद्रात कोळशातील उष्णतेपैकी सु. एक-तृतीयांश भागाचीच वीज होते. उरलेली उष्णता धुराड्यातून व थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. प्राथमिक ऊर्जेच्या हिशेबात ही वाया गेलेली उष्णताही कोळशाच्या नावावर जमा होते. जलविद्युत् किंवा पवनऊर्जेची मात्र प्रत्यक्ष निर्माण झालेली वीजच मोजण्याची एक पद्धत आहे. त्यामुळे एकाच देशाचा नवीकरणीय वाटा हिशेबाची पद्धत बदलताच लहान-मोठा दिसतो. तसेच ‘स्थापित क्षमता’ व ‘प्रत्यक्ष निर्मिती’ यांचीही गल्लत वारंवार होते. रात्री सौर केंद्र बंदच असल्यामुळे १०० मे.वॉ. क्षमतेचे सौर केंद्र वर्षभरात तेवढ्याच क्षमतेच्या औष्णिक केंद्राच्या मानाने बरीच कमी वीज देते.

सैद्धांतिक विवेचन : विल्यम स्टॅन्ली जेव्हन्झ या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात असे दाखविले, की एंजिने अधिक कार्यक्षम झाल्याने कोळशाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढतो, कारण ऊर्जा स्वस्त झाली की तिचे नवे उपयोग निघतात. वाढत्या अर्थव्यवस्थेत हा परिणाम विशेष ठळक असतो. म्हणूनच नवीकरणीय ऊर्जेत झालेली भर आणि खनिज इंधनांच्या वापरात झालेली घट या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत. चीनने २०२३ या एका वर्षात सु. २,१७,००० मे.वॉ. सौर क्षमता उभारली. त्याच वर्षी तो देश जगातील कोळशाचा सर्वांत मोठा ग्राहकही होता. मागणी वेगाने वाढत असताना नवा उगम प्रथम वाढीव गरज भागवितो. जुन्याची जागा घेणे ही पुढची पायरी असते.

जपानी शास्त्रज्ञ योइची काया यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण या ठिकाणी उपयुक्त ठरते. त्यानुसार कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन हे लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या एककामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या एककामागील उत्सर्जन या चार राशींचा गुणाकार असते. नवीकरणीय ऊर्जा प्रामुख्याने चौथ्या राशीवर परिणाम करते. दरडोई उत्पन्न दुप्पट होत असेल आणि इतर राशी स्थिर असतील, तर उत्सर्जन पूर्वीइतकेच ठेवण्यासाठी ही चौथी राशी निम्मी करावी लागेल.

सांख्यिकीय संशोधन : ऊर्जेमुळे उत्पन्न वाढते की उत्पन्नामुळे ऊर्जेचा वापर, हा प्रश्न १९७३ च्या तेलसंकटानंतर ऐरणीवर आला. क्राफ्ट व क्राफ्ट यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या १९४७–७४ या काळातील आकडेवारीवरून असा निष्कर्ष काढला, की कारणाचा ओघ राष्ट्रीय उत्पन्नाकडून ऊर्जेकडे आहे. त्यानंतर अशा अभ्यासांचा पूरच आला. त्यांचे निष्कर्ष चार गटांत विभागले जातात : ऊर्जा वाढीला चालना देते; वाढ ऊर्जेची मागणी निर्माण करते; दोन्ही परस्परांना पुढे रेटतात; किंवा दोहोंत लक्षणीय संबंध आढळत नाही. नवीकरणीय ऊर्जेपुरते पाहिले, तर आपर्जिस व पेन यांना १९८५–२००५ या काळातील वीस विकसित देशांच्या अभ्यासात (२०१०) परस्पर कार्यकारणसंबंध आढळला. मेनेगाकी यांना २७ यूरोपीय देशांच्या अभ्यासात (२०११) तसा आढळला नाही. सॅडॉर्स्की यांनी उदयोन्मुख अर्थव्यवस्थांच्या पाहणीत (२००९) दरडोई उत्पन्नाबरोबर नवीकरणीय ऊर्जेचा दरडोई वापर वाढतो असे दाखविले.

या अभ्यासांत ‘कारण’ हा शब्द क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या मर्यादित अर्थाने वापरला जातो. एका श्रेणीचे मागील आकडे दुसरीच्या पुढील आकड्यांचे भाकीत अधिक अचूक करीत असतील, तर पहिली दुसरीचे कारण मानली जाते. कोंबडा आरवल्यानंतर सूर्य उगवतो, एवढ्यावरून जे म्हणता येईल त्यापेक्षा फार अधिक काही या कसोटीतून निष्पन्न होत नाही. वीस-पंचवीस वर्षांचे वार्षिक आकडे, त्यांत चुलीचे लाकूड व पवनचक्कीची वीज यांची बेरीज आणि निरनिराळ्या धोरणांचे देश एका गठ्ठ्यात, अशी सामग्री असता निष्कर्ष परस्परविरोधी निघावेत यात नवल नाही. विशिष्ट देशांचा इतिहास या बाबतीत अधिक बोलका ठरतो.

डेन्मार्क हे त्याचे उत्तम उदाहरण होय. १९७३ मध्ये या देशाची सु. ९० टक्के ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. तेलाच्या किंमती भडकताच तेथे ऊर्जाबचत, घरे तापविण्याच्या सामुदायिक योजना व पवनऊर्जा यांकडे एकाच वेळी लक्ष देण्यात आले. पवनऊर्जेची परंपरा तेथे जुनी होती. पोल ल कूर यांनी १८९१ मध्ये अस्कॉव्ह येथे पवनचक्कीपासून वीज निर्माण केली होती. १९८० नंतर अनेक पवनचक्क्या शेतकऱ्यांच्या व गावकऱ्यांच्या भागीदारीतून उभ्या राहिल्या; १९९१ मध्ये व्हिंडेबी येथे समुद्रातील जगातील पहिले पवनक्षेत्र सुरू झाले. अलीकडच्या वर्षांत देशातील विजेच्या वापराचा निम्म्याहून अधिक भाग वाऱ्यापासून मिळतो. १९८० नंतरच्या काही दशकांत उत्पन्न लक्षणीय वाढूनही ऊर्जेचा एकूण वापर जवळजवळ स्थिर राहिला. मात्र डेन्मार्कची लोकसंख्या लहान असून वारा पडला की नॉर्वे व स्वीडन यांची जलविद्युत् तारांवरून मागविण्याची सोय त्याला उपलब्ध आहे. हे उदाहरण देताना ही बाजू बहुधा गाळली जाते.

भांडवल व व्याज : औष्णिक केंद्राच्या खर्चात इंधनाचा भाग मोठा असतो व तो वर्षानुवर्षे, जसजशी वीज विकली जाते तसतसा, करावा लागतो. सौर व पवन केंद्रांना इंधन लागत नाही. त्यांचा जवळजवळ सर्व खर्च आरंभीच होतो. म्हणून त्यांच्या विजेची किंमत सूर्यप्रकाशाइतकीच व्याजाच्या दरावर ठरते. समजा, १ मे.वॉ. क्षमतेच्या सौर केंद्रास ४ कोटी रुपये लागले, त्यापासून वर्षास १६ लाख युनिट वीज मिळाली आणि भांडवल २५ वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडावयाचे आहे. व्याजाचा दर ५ टक्के असल्यास दर युनिटामागे भांडवली भार सु. १ रु. ७७ पैसे पडतो. १० टक्के असल्यास तोच भार सु. २ रु. ७५ पैसे होतो. ऊन तेच, पट्टिका त्याच. फरक केवळ सावकाराचा. विकसनशील देशांत ऊन विपुल व भांडवल महाग, तर पश्चिम यूरोपात ऊन तोकडे व भांडवल स्वस्त, अशी उलटी विभागणी आहे. श्रीमंत देशांनी या क्षेत्रात आघाडी घेतली, तिच्या मुळाशी पर्यावरणप्रेमाइतकेच हे साधे गणित आहे.

आर्थिक वाढीचा नवीकरणीय ऊर्जेवर होणारा सर्वांत निश्चित परिणाम याच वाटेने होतो. वाढीबरोबर बचत, बँकव्यवस्था व सरकारची पत वाढते आणि दीर्घ मुदतीचे कर्ज परवडू लागते. उलट दिशेचा परिणाम किंमतीतून घडतो. जर्मनीने १९९१ पासून व विशेषतः २००० च्या कायद्यान्वये नवीकरणीय विजेला दीर्घ मुदतीचा हमीभाव दिला. त्याचा अधिभार जर्मन ग्राहकांनी सोसला. २०१७ मध्ये तो युनिटामागे ६·८८ सेंट या कमाल पातळीस पोहोचला आणि २०२२ मध्ये रद्द झाला. या मागणीमुळे उत्पादन वाढले, पुढे चीनमधील कारखान्यांनी ते प्रचंड प्रमाणावर नेले व किंमती कोसळल्या. एकूण उत्पादन दुप्पट झाले की सौर पट्टिकांची किंमत सरासरीने सु. २० टक्क्यांनी उतरते, असा दीर्घकाळचा अनुभव आहे. आज राजस्थानात किंवा मराठवाड्यात स्वस्तात उभ्या राहणाऱ्या सौर केंद्राच्या किंमतीत जर्मन गृहिणीच्या वीजबिलाचा अंश आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

भारतातील स्थिती : भारताचा अनुभव तीन टप्प्यांत पाहता येतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशात विजेचा दरडोई वापर वर्षास सु. १६ युनिट होता. २०२३-२४ मध्ये तो सु. १,४०० युनिटांपर्यंत गेला. पहिल्या टप्प्यात मोठ्या धरणांवर भर होता. १९६५-६६ मध्ये एकूण सु. ९,००० मे.वॉ. स्थापित क्षमतेपैकी ४,१०० मे.वॉ.हून अधिक, म्हणजे जवळजवळ ४६ टक्के, जलविद्युत् होती. त्यानंतर जलविद्युत् क्षमता दहापटीहून अधिक वाढूनही २०२५ मध्ये तिचा वाटा सु. १० टक्क्यांवर आला. कारण वाढत्या मागणीचा मोठा भाग कोळशाने उचलला. वाटा घटणे आणि राशी घटणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे येथेही ध्यानात घ्यावे लागते.

तेलसंकटानंतर केंद्र सरकारने १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जा विभाग स्थापन केला. १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. १९८७ मध्ये या क्षेत्रास कर्जपुरवठा करणारी स्वतंत्र वित्तसंस्था निघाली. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा सौर विजेचा दर युनिटास बारा रुपयांच्या आसपास होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथील लिलावात तो २ रु. ४४ पैशांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमधील लिलावात १ रु. ९९ पैसे इतका नीचांकी दर निघाला. पट्टिकांच्या किंमती उतरल्या हे त्याचे मुख्य कारण. परंतु विजेच्या खरेदीची सरकारी हमी व त्यामुळे स्वस्त झालेले परदेशी कर्ज यांचाही त्यात वाटा आहे. जून २०२५ अखेर देशाच्या सु. ४,८५,००० मे.वॉ. स्थापित क्षमतेपैकी निम्मी खनिज इंधनविरहित (अणुऊर्जा धरून) झाली. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र २०२३-२४ मध्ये सु. तीन-चतुर्थांश वीज कोळशाचीच होती. तेलाची आयात वाचेल या अपेक्षेलाही मर्यादा आहेत : सौर वीज मुख्यतः कोळशाशी स्पर्धा करते, तेलाशी नव्हे, आणि पट्टिका चीनमधून आणल्यास परकीय अवलंबन एका वस्तूवरून दुसरीवर सरकते. म्हणूनच एप्रिल २०२२ पासून भारताने आयात पट्टिकांवर ४० टक्के व घटांवर २५ टक्के सीमाशुल्क बसविले होते. त्यामुळे देशी कारखान्यांना संरक्षण मिळाले, पण सौर केंद्रांचा भांडवली खर्च वाढला.

महाराष्ट्रात वाढ व नवीकरणीय ऊर्जा यांचे नाते शतकाहून जुने आहे. मुंबईच्या कापड गिरण्या दूरवरून आणलेल्या कोळशाच्या वाफेवर चालत. टाटा उद्योगसमूहाने लोणावळ्याच्या परिसरात सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून ते पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीस सोडले आणि १९१५ पासून त्या विजेवर गिरण्या चालू लागल्या. भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे मागोमाग आली. कोयना प्रकल्पाची वीज १९६२ पासून मिळू लागली. आज त्याची क्षमता १,९६० मे.वॉ. आहे. कृष्णा खोऱ्यातील पाणी पश्चिमेकडे वळविण्यास लवादाने वर्षास ६७·५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. पाण्याचा प्रत्येक थेंब वीज आणि पूर्वेकडील शेती यांपैकी एकीलाच मिळू शकतो, ही टंचाई नवीकरणीय उगमालाही चुकलेली नाही.

साताऱ्यातील वनकुसवडे पठार, सांगली आणि धुळे जिल्ह्यातील साक्री परिसर येथे पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांची वीज नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सर्वाधिक असते, सौर वीज तेव्हा ढगांमुळे घटते आणि साखर कारखान्यांतील चिपाडावरील सहवीजनिर्मिती हिवाळ्यातील गळीत हंगामात चालते. हे ऋतुचक्र परस्परपूरक आहे. दिवस-रात्रीचे अंतर मात्र त्याने मिटत नाही. त्यासाठी घाटघर (२५० मे.वॉ.) येथे आहे तशा उदंचन योजना लागतात, मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवावयाचे व मागणी वाढली की सोडावयाचे, असे तिचे कार्य चालते.

कृषिपंपांच्या बाबतीत सौर ऊर्जेचा आर्थिक लाभ थेट दिसतो. शेतकऱ्यास रात्री-अपरात्री मिळणारी वीज हे ग्रामीण महाराष्ट्रातील जुने दुखणे होय. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ लहान सौर केंद्र उभारून त्या वाहिनीवरील पंपांना दिवसा वीज देण्याची कल्पना आहे. पंप दिवसा चालत असल्यामुळे साठवणीचा प्रश्न उरत नाही व लांबवरून वीज आणण्यातील गळती वाचते. याच्या उलट परिणाम वितरण कंपन्यांवर होतो. शेती व लहान घरगुती ग्राहक यांच्या सवलती मोठ्या प्रमाणावर उद्योगांच्या चढ्या दरातून निघतात. कारखान्यांनी छपरावर किंवा अन्यत्र स्वतःची सौर वीज निर्माण केली की हा आधार निखळतो. उद्योगाचा खर्च घटून वाढीला हातभार लागतो. पण सवलतीचा भार सरकारी तिजोरीवर किंवा उरलेल्या ग्राहकांवर येतो.

सामाजिक भार : वाढीचा लाभ आणि ऊर्जेचा भार एकाच माणसाच्या वाट्यास येत नाही, हे महाराष्ट्राने फार लवकर अनुभवले. भिरा केंद्रासाठी मुळशी येथे धरण बांधले जात असता मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्यात मिळाली. धरण झालेच, भातशेतीची गावे पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईस गेली. कोयनेच्या विस्थापितांना पुनर्वसनाच्या हक्कांसाठी अनेक दशके झगडावे लागले. सौर केंद्रांना गावे बुडवावी लागत नाहीत, परंतु १ मे.वॉ.ला सु. चार-पाच एकर जमीन लागते. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात पावागडा येथे सु. २,००० मे.वॉ.चे सौर उद्यान उभारताना जमीन विकत न घेता भाड्याने घेण्यात आली. अवर्षणग्रस्त भागातील जमीनमालकास एकरी वर्षाला सु. २१,००० रुपये ठरले व मालकीही त्याच्याकडेच राहिली. ही पद्धत संपादनापेक्षा निश्चितच न्याय्य आहे. मात्र त्या रानात मजुरीने राबणाऱ्या किंवा तेथे शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्या भूमिहीनांचा या करारात पक्षकार म्हणून समावेश नसतो. जमीन गेली की त्यांची मजुरी व चराई जाते आणि भाडे मालकाच्या खात्यात जमा होते.